स्लेड कार्यान्वित करण्याचा योग्य क्रम: क्लायस्ट्रॉनची पल्स दाबून शक्ती वाढवताना काय आधी, काय नंतर

स्लेड म्हणजे क्लायस्ट्रॉनची (सूक्ष्मलहरींची शक्ती देणाऱ्या नळीची) पल्स दाबून थोड्या वेळासाठी जास्त शक्ती मिळवणारी जोडणी. ती बसवलेल्या लिनॅकवर (इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्रावर) नव्याने काम करणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. यंत्रणा जोडली की ते लगेच लहरीची फेज (तिच्या चढ-उताराची स्थिती) उलटवतात, पडद्यावर उंच शिखर दिसते आणि काम झाले असे मानतात. पुढे बीमची (इलेक्ट्रॉनांच्या झोताची) ऊर्जा डळमळते, क्लायस्ट्रॉन वारंवार ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो), वेव्हगाइडमध्ये (शक्ती वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीत) ठिणग्या पडतात. मग दोष मॉड्युलेटरवर (क्लायस्ट्रॉनला उच्च व्होल्टेजची पल्स देणाऱ्या यंत्रणेवर) ढकलला जातो. खरी गफलत आधीच्या टप्प्यांत झालेली असते, आणि शिखराची उंची ती दाखवतच नाही. या लेखात आकडे देऊन हेच सांगायचे आहे.

उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेची २८५६ मेगाहर्ट्झची मांडणी घेतली आहे. १९७४ मध्ये स्लेडची कल्पना तिथेच पुढे आली. ५०४५ जातीचा क्लायस्ट्रॉन ६५ मेगावॅटची ३.५ मायक्रोसेकंदांची पल्स देतो आणि ती शक्ती प्रत्येकी सुमारे ३ मीटर लांबीच्या चार त्वरक नळ्यांत वाटली जाते. तुमची वारंवारता वेगळी असली तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

घडते ते थोडक्यात असे. क्लायस्ट्रॉनच्या पुढे ३ डीबी हायब्रिडवर (शक्ती दोन समान भागांत विभागणाऱ्या जोडावर) उच्च क्यूच्या, म्हणजे ऊर्जा फार कमी गमावणाऱ्या, दोन सारख्या कॅव्हिटी (धातूच्या अनुनादी पोकळ्या) बसवतात. पल्सच्या पहिल्या भागात त्यांच्यात ऊर्जा साठते. नळी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा पल्समध्ये उरला की क्लायस्ट्रॉनची फेज १८० अंशांनी उलटवतात. त्या क्षणी कॅव्हिटीतून बाहेर येणारी लहर आणि क्लायस्ट्रॉनची लहर यांची बेरीज होते. नवी ऊर्जा कुठूनही येत नाही, आहे तीच कमी वेळात बाहेर पडते आणि वाटेत थोडी घटते.

## टप्पा १: आधी कागदावर तरंगरूप काढा

तीन आकडे लागतात: कॅव्हिटीचा मूळ क्यू (इथे १,००,०००), कॅव्हिटी वेव्हगाइडशी किती घट्ट जोडली आहे ते सांगणारा जोडणी गुणांक बीटा (इथे ५) आणि नळीचा भरणकाल (इथे ०.८२ मायक्रोसेकंद).

कॅव्हिटीचा कालस्थिरांक = २ × मूळ क्यू ÷ [कोनीय वारंवारता × (१ + बीटा)]. उत्तर येते १.८६ मायक्रोसेकंद.

कॅव्हिटीतून बाहेर पडणारे क्षेत्र ज्या मूल्याकडे चढत जाते ते = २ × बीटा ÷ (१ + बीटा), म्हणजे १.६७. हे क्लायस्ट्रॉनच्या क्षेत्राच्या पटीत आहे.

फेज उलटवण्याचा क्षण ३.५ वजा ०.८२, म्हणजे २.६८ मायक्रोसेकंद. तोवर बाहेर पडणारे क्षेत्र १.२७ पर्यंत पोचते. उलटवल्यावर त्यात क्लायस्ट्रॉनचे १ मिळते आणि एकूण २.२७ होते. शक्ती क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून शिखर ५.२ पट. पण ते टिकत नाही. ०.८२ मायक्रोसेकंदांत क्षेत्र १.२२ वर येते आणि शक्ती जेमतेम दीडपट उरते.

बीमला मिळणारी ऊर्जा या सगळ्या काळातल्या क्षेत्राच्या सरासरीवर ठरते. आदर्श गणितात ती १.७१ पट येते. नळीतला क्षय धरला तर थोडी कमी.

आता बीटा बदलून पाहा. बीटा ८ केला तर शिखर ६.६ पटींवर जाते, पण सरासरी क्षेत्र १.६७ वर घसरते. बीटा ३ ला शिखर ३.७ पट आणि सरासरी १.६०. शिखर पाहून निवड करणारा ८ निवडेल: त्याच्या यंत्रणेत ठिणग्या जास्त पडतील आणि बीमला ऊर्जा कमी मिळेल.

तपासा: फेज न उलटवता कॅव्हिटीतून येणारे क्षेत्र क्लायस्ट्रॉनच्या क्षेत्राइतके कधी होते तेही काढून ठेवा. या आकड्यांना तो क्षण १.७ मायक्रोसेकंदांवर येतो. तिथे बाहेर जाणारी शक्ती शून्य होते. पुढचे अर्धे काम या शून्यावर उभे आहे.

## टप्पा २: मोजणारी साधने आधी सरळ करा

तीन ठिकाणी दिशादर्शक कपलर (एकाच दिशेच्या लहरीचा छोटा नमुना काढणारे जोड) लागतात: क्लायस्ट्रॉनच्या तोंडाशी पुढे जाणाऱ्या लहरीसाठी, तिथेच परतणाऱ्या लहरीसाठी, आणि स्लेडनंतर. प्रत्येक कपलरचे डीबी मूल्य आणि त्याच्या केबलचा ऱ्हास २८५६ मेगाहर्ट्झलाच मोजा. केबलवर छापलेला आकडा धरू नका.

घोळ डायोड डिटेक्टरमध्ये होतो. एकाच पडद्यावर पाचपट शिखर आणि जवळजवळ शून्य असा खळगा दोन्ही वाचायचे असतात. डायोड वरच्या टोकाला संपृक्त होतो आणि खालच्या टोकाला गोंगाटात बुडतो. म्हणून त्याची पूर्ण वक्ररेषा काढून ठेवा, किंवा सरळ फेज आणि आयाम दोन्ही देणारा डिजिटल रिसीव्हर वापरा. मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण पुढे फेजशिवाय भागत नाही.

## टप्पा ३: नायट्रोजन भरून ट्यूनिंग

इथे वेळ द्या. या टप्प्यातली चूक पुढे दुरुस्त करायची म्हणजे व्हॅक्यूम तोडायचा.

३.१ कॅव्हिटीच्या वारंवारतेचा पट्टा किती अरुंद आहे ते ध्यानात घ्या. जोडणीसहित क्यू १६,६६७ होतो, म्हणजे पट्ट्याची रुंदी जेमतेम १७१ किलोहर्ट्झ. तांब्याची कॅव्हिटी १ अंश सेल्सिअस तापली की तिची वारंवारता सुमारे ४८ किलोहर्ट्झ खाली येते. तेवढ्याने अनुनादाची फेज २९ अंशांनी सरकते.

३.२ हवेची दुरुस्ती. वायू भरलेल्या कॅव्हिटीची वारंवारता व्हॅक्यूमपेक्षा कमी येते. कोरड्या नायट्रोजनसाठी १०१३ हेक्टोपास्कल दाब आणि २५ अंशांना हा फरक सुमारे ०.७७ मेगाहर्ट्झ असतो, पट्ट्याच्या रुंदीच्या चौपटीहून जास्त. त्या दिवशीचा बॅरोमीटरचा दाब लिहून घ्या. इंदूरसारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या ठिकाणी दाबच कमी असतो.

३.३ साध्या हवेत ट्यूनिंग करू नका. कोरड्या हवेचे गणित जमते, पाण्याच्या वाफेचे नाही. जुलैत मुंबईत ३० अंशांना हवेत जी वाफ असते, ती एकटीच सुमारे ४०० किलोहर्ट्झ वारंवारता खाली ओढते, आणि दार उघडले किंवा वातानुकूलन यंत्र सुरू झाले की हा आकडा बदलतो. कॅव्हिटीतून कोरडा नायट्रोजन हळू वाहता ठेवा आणि वाचन स्थिरावेपर्यंत थांबा.

३.४ तापमानाची दुरुस्ती. यंत्र ज्या तापमानाला चालणार त्याचा हिशेब करा. स्लॅकच्या लिनॅकमधले पाणी ४५ अंशांवर ठेवतात. खोलीत २५ अंशांना ट्यून करत असाल तर २० अंशांचा फरक, म्हणजे सुमारे ०.९७ मेगाहर्ट्झ.

दोन्ही दुरुस्त्या एकमेकींच्या उलट आहेत. २८५६ मध्ये ०.९७ मिळवा, ०.७७ वजा करा. नायट्रोजनमध्ये २५ अंशांना लक्ष्य येते सुमारे २८५६.२० मेगाहर्ट्झ. दोन आकडे जवळपास कटतात म्हणून दुरुस्तीच न करणारे लोक आहेत. तो योगायोग आहे. चालण्याचे तापमान ३५ ठरले की लक्ष्य २८५६ च्या खाली जाते.

३.५ बीटा कोणत्या बाजूचा आहे ते पाहा. नेटवर्क अॅनालायझरवर (परतणारी लहर वारंवारतेनुसार मोजणाऱ्या साधनावर) अनुनादाला परतणारे क्षेत्र (५ − १) ÷ (५ + १), म्हणजे ०.६७, किंवा ३.५ डीबीचा खळगा दिसला पाहिजे. पण बीटा ०.२ असला तरी हाच खळगा दिसतो! केवळ आयाम पाहून बीटा ठरवू नका. स्मिथ आलेखावर (परतणाऱ्या लहरीचा आयाम आणि फेज एकत्र दाखवणाऱ्या गोल आलेखावर) वर्तुळाच्या आत केंद्र आले तर जोडणी जास्त आहे, म्हणजे बरोबर आहे. केंद्र बाहेर राहिले तर जोडणीचे छिद्र लहान पडले आहे.

३.६ मूळ क्यू कमी आला तर. या कॅव्हिटी टीई-०१५ मोडमध्ये (क्षेत्राच्या एका ठरावीक रचनेत) चालतात. या मोडमध्ये भिंतीतला विद्युतप्रवाह गोल फिरतो, दंडगोल आणि टोकाची चकती यांच्या सांध्यावरून जात नाही, म्हणून क्यू इतका उंच मिळतो. मात्र टीएम-११ घराण्यातला टीएम-११५ हा मोड नेमक्या त्याच वारंवारतेला येतो. त्याला दूर सारण्यासाठी चकतीच्या कडेला खाच किंवा फट ठेवतात. क्यू अपेक्षेच्या बराच खाली असेल तर आधी ही खाच तपासा. साफसफाईत किंवा ब्रेझिंगच्या वेळी ती भरून गेलेली असू शकते.

सावधान: व्हॅक्यूम ओढल्यावर वातावरणाच्या दाबाने चकती किंचित आत येते आणि वारंवारता पुन्हा सरकते. पहिल्या जोडीवर हा फरक मोजा, तो पुढच्या जोड्यांच्या लक्ष्यात धरा. ट्यूनर त्याच्या मार्गाच्या मध्यावर असतानाच लक्ष्य गाठलेले हवे, नाहीतर पुढे एका बाजूला हलायला जागाच उरत नाही.

## टप्पा ४: दोन कॅव्हिटींची जोडी जुळवा

प्रत्येक कॅव्हिटी सुटी बरोबर असणे पुरेसे नाही. हायब्रिडची करामत अशी की दोन्ही कॅव्हिटींकडून परतलेल्या लहरी क्लायस्ट्रॉनच्या दिशेने एकमेकींना मारतात आणि नळीच्या दिशेने मिळतात. हे तेव्हाच घडते, जेव्हा दोघी सारख्या असतात.

हायब्रिडच्या प्रवेशाला अॅनालायझर लावा. दोघींत ५ किलोहर्ट्झचा फरक असेल तर स्थिर अवस्थेत परतणारे क्षेत्र सुमारे ५ टक्के, म्हणजे उणे २६ डीबी दिसेल. २० किलोहर्ट्झचा फरक असेल तर जवळपास ४ टक्के शक्ती मागे जाईल. ६५ मेगावॅटवर ते अडीच मेगावॅट होतात, आणि ते थेट क्लायस्ट्रॉनच्या खिडकीवर आदळतात. फरक ५ किलोहर्ट्झच्या आत आल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोघींना पाणी एकाच फाट्यातून, सारख्या लांबीच्या नळ्यांनी द्या.

## टप्पा ५: पाणी, व्हॅक्यूम, इंटरलॉक

क्रम असा: आधी व्हॅक्यूम, मग पाणी ठरलेल्या तापमानावर आणून पुरेसे तास स्थिर, मग इंटरलॉकची (धोका दिसताच यंत्र बंद करणाऱ्या यंत्रणेची) चाचणी, शेवटी आरएफ (क्लायस्ट्रॉनची शक्ती).

पाण्याचे तापमान ०.१ अंशाच्या आत राहिले पाहिजे. तेवढ्या फरकानेही फेज सुमारे ३ अंश हलते.

सावधान: इलेक्ट्रॉन गन बंद आहे म्हणून बोगदा सुरक्षित आहे असे समजू नका. उच्च क्षेत्रामुळे नळीच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन सुटतात, ते त्वरित होतात आणि क्ष-किरण तयार होतात. आरएफ चालू असताना बोगदा कुलूपबंद हवा. भारतात याबाबत अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटी लागू होतात. चाचणी-मांडणी छोटी आहे म्हणून त्यांतून सूट मिळत नाही.

## टप्पा ६: फेज न उलटवता चालवा

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही.

६.१ आधी कॅव्हिटी डिट्यून, म्हणजे अनुनादापासून हटवलेल्या, ठेवा. स्लॅकच्या मांडणीत त्यासाठी कॅव्हिटीत सरकवता येणारी सुई असते. अशा स्थितीत क्लायस्ट्रॉनची पल्स जशीच्या तशी नळीकडे जायला हवी. पूर्ण शक्तीपर्यंत असेच कंडिशनिंग करा, म्हणजे शक्ती हळूहळू वाढवत तांब्याला तिची सवय लावा. यात ठिणग्या पडत असतील तर स्लेडचा काही संबंध नाही, दोष वेव्हगाइडमध्ये किंवा नळीत आहे.

६.२ शक्ती पुन्हा खाली आणा, सुई काढा, कॅव्हिटी ट्यून करा. फेज उलटवू नका. आता स्लेडनंतरचे तरंगरूप असे दिसेल: सुरुवातीला पूर्ण शक्ती, मग उतार, १.७ मायक्रोसेकंदांना शून्य, मग हळू चढ. क्लायस्ट्रॉन बंद होताच त्याच्या सुमारे दुप्पट शक्तीचा भपका येऊन विझेल.

६.३ त्या शून्याकडे बारकाईने पाहा. तो खरोखर तळाला टेकतो का? ट्यूनिंग अचूक असेल तर टेकतो, आणि तिथे फेज १८० अंशांनी उडी घेते. तापमान १ अंशाने चुकलेले असेल तर तळ ४-५ टक्क्यांवर अडकतो आणि फेज उडी न घेता वळण घेते.

याच चुकीचा शिखरावर काय परिणाम होतो? तेच १ अंशाचे चुकलेले तापमान धरून गणित केले तर शिखर ५.२ वरून ४.९ पटींवर येते. डिटेक्टरच्या अनिश्चिततेत हा फरक सहज लपतो. पण बाहेर जाणाऱ्या लहरीची फेज सुरुवातीला १० अंश चुकीची असते आणि भरणकालाच्या शेवटी १८ अंशांवर सरकते. बीमची ऊर्जा डळमळते ती यामुळे. शिखर पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही, खळगा पाहणाऱ्याला पहिल्या मिनिटाला कळते.

६.४ खळगा तळाला टेकत नसेल तर पाण्याचे तापमान ०.१-०.१ अंशाने बदला आणि कोणत्या दिशेने तो खोल जातो ते पाहा. दिशा कळल्यावरच यांत्रिक ट्यूनरला हात लावा, आणि दोन्ही कॅव्हिटींचे ट्यूनर सारखेच फिरवा. दर फेरीनंतर परतणारी शक्ती वाढली नाही ना ते बघा. ती वाढली तर जोडी विस्कटली.

तपासा: खळगा तळाला टेकत असूनही शून्याची जागा १.७ मायक्रोसेकंदांपासून दूर असेल तर ते ट्यूनिंगमुळे नाही. क्यू किंवा बीटा कागदावरच्या आकड्यांशी जुळत नाही. टप्पा १ कडे परत जा.

## टप्पा ७: फेज हळूहळू उलटवा

६५ मेगावॅटची ५.२ पट म्हणजे ३३६ मेगावॅट. चार नळ्यांत वाटले तरी प्रत्येकीवर ८४ मेगावॅटचे शिखर येते, आणि हायब्रिडपासून पहिल्या विभाजनापर्यंतच्या वेव्हगाइडला ते सगळेच सोसावे लागते. एकदम १८० अंश लावणे म्हणजे कंडिशनिंग न झालेल्या तांब्यावर हा भार टाकणे.

फेजची उडी कमी कोनाची ठेवून शिखर आवरता येते:

- ६० अंशांची उडी: सुमारे १.३ पट
- ९० अंशांची: २.६ पट
- १३५ अंशांची: ४.४ पट
- १८० अंशांची: ५.२ पट

प्रत्येक पायरीवर व्हॅक्यूम शांत होईपर्यंत थांबा. दुसरा मार्ग म्हणजे १८० अंशांचीच उडी, पण पल्समध्ये लवकर. १ मायक्रोसेकंदाला उलटवले तर शिखर २.९ पटच येते, मात्र शेपूट लांबते. मला कोन वाढवत नेण्याची पद्धत बरी वाटते, कारण वेळापत्रक एकदा लावले की हलवावे लागत नाही.

उडी किती झटपट होते तेही पाहा. फेज-स्विच जलद असला तरी क्लायस्ट्रॉनचा स्वतःचा पट्टा मर्यादित असतो आणि फेज वळताना त्याचे उत्पादन क्षणभर खाली जाते. हे शंभर नॅनोसेकंदांच्या आत आटोपले पाहिजे. रेंगाळले तर साठलेली ऊर्जा वाया जाते.

सावधान: मॅग्नेट्रॉनवर चालणाऱ्या यंत्राला ही पद्धत अशीच लावायला जाऊ नका. मॅग्नेट्रॉन स्वतः दोलक आहे, त्याची फेज बाहेरून हवी तेव्हा झटक्यात उलटवता येत नाही. मुंबईत समीर संस्थेने विकसित केलेल्या रुग्णालयीन लिनॅकसारख्या काही मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या छोट्या यंत्रांना पल्स दाबण्याची गरजही पडत नाही.

## टप्पा ८: बीमची वेळ लावा

शिखराच्या क्षणी बीम सोडणे ही चूक वारंवार दिसते. शिखराच्या वेळी नळी जवळपास रिकामीच असते. दाबलेली पल्स नळीच्या दुसऱ्या टोकाला पोचते तेव्हा, म्हणजे फेज उलटवल्यापासून एक भरणकाल गेल्यावर, बीमला सर्वाधिक ऊर्जा मिळते. वेव्हगाइडमधला प्रवासकाल त्यात मिळवा. मग ट्रिगर थोडा पुढे-मागे सरकवून स्पेक्ट्रोमीटरवर ऊर्जेचे कमाल स्थान शोधा. वाढ १.६ ते १.७ पटींच्या दरम्यान यायला हवी. शिखर ५ पट आहे आणि ऊर्जा १.४ पटच वाढते असे दिसले, तर आधी वेळ तपासा, मग फेज.

एका पल्समध्ये अनेक बंच (इलेक्ट्रॉनांचे पुंजके) पाठवायचे असतील तर ही घसरणारी पल्स चालत नाही, प्रत्येक बंचला वेगळी ऊर्जा मिळते. त्यासाठी ड्राइव्हची (क्लायस्ट्रॉनला दिलेल्या लहरीची) फेज किंवा आयाम सतत बदलत माथा सपाट करावा लागतो.

## टप्पा ९: पल्सदर वाढवताना

१० हर्ट्झला केलेले ट्यूनिंग १२० हर्ट्झला टिकत नाही. एका पल्समध्ये २२७ जूल असतात. १२० हर्ट्झला ते २७ किलोवॅट होतात, आणि त्यातले सुमारे १४ टक्के कॅव्हिटींच्या भिंतीत जिरतात. म्हणजे प्रत्येकीत जवळपास २ किलोवॅट उष्णता. पाण्याचे तापमान तेच राहिले तरी तांबे पाण्यापेक्षा गरम होते आणि वारंवारता खाली घसरते.

म्हणून दर वाढवल्यावर थांबा, तापमान स्थिरावू द्या, फेज उलटवणे बंद करा आणि टप्पा ६ मधला खळगा पुन्हा पाहा. ट्रिपनंतर यंत्र थंड झालेले असते, तेव्हाही पूर्ण दराने पण उडीविना थोडा वेळ चालवून मगच फेज उलटवा. नियंत्रण प्रणालीत हे आपोआप होईल असे लिहून ठेवले तर रात्रपाळीच्या माणसाला ते लक्षात ठेवावे लागत नाही.

खळग्याची खोली, त्याची वेळ, परतणारी शक्ती आणि पाण्याचे तापमान या चार गोष्टी दर आठवड्याला एकाच पल्सदरावर नोंदवा. खळगा तेवढाच खोल पण त्याची वेळ सरकत चालली असेल तर क्यू घटतो आहे, आणि पुढच्या बंदच्या काळात ती जोडी उघडून पाहावी लागेल.